एकच घाट, सतरा वर्षं: फोटोग्राफीची आवड वाढवायची कशी

शाळेतली पोरं, त्यांचे पालक, आमच्या कॉलनीतल्या दोन वहिनी, सगळे मला एकच विचारतात, मॅडम कुठला कॅमेरा घेऊ? मी उलट विचारते, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर अशी कुठली जागा आहे जिथं तुम्ही वर्षातनं वीस वेळा जाऊ शकाल? हा प्रश्न ऐकून बरेचजण गप्प होतात, पण मला मनापासून वाटतं की आवड तिथनं सुरू होते आणि तिथंच टिकते, कॅमेऱ्याचं नंतर बघता येतं. मी साताऱ्यात गणित शिकवते. फोटोग्राफी हा माझा धंदा नाही, लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, पण १९९५ पासून फोटो काढतेय आणि मधली तीन-चार वर्षं सोडली तर थांबले नाही. त्यामुळं ही आवड वाढते कशी, कुठं अडते, अडली की काय करायचं हे मला जेवढं कळलंय तेवढं लिहून ठेवते, नवीन सुरुवात करणाऱ्याला उपयोग होईल.

पहिला कॅमेरा माझ्या हातात मामांनी दिला. दहावीची परीक्षा झाली होती, मामा कोरेगावला असायचे, त्यांच्याकडं यशिका एमएफ-२ होता, त्याला फोकस फिरवायचं काम नाही की शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, लावायचं नाही, रोल घालायचा, एएसए म्हणजे रोलवर लिहिलेला उजेडाचा आकडा लावायचा आणि बटण दाबायचं. आत ३६ चा रोल घातला आणि मामा म्हणाले, "हा दिवाळीपतूर पुरीव, मग पुढचं बघू." एप्रिल ते दिवाळी ३६ फोटो, म्हणजे आठवड्याला जेमतेम सव्वा. मग काय व्हायचं, कॅमेरा डोळ्याला लावायचा, बघायचं, नको म्हणायचं आणि खाली घ्यायचा. आजी जात्यावर बसलीय, बघितलं, उजेड मागनं येतोय, नको. राजवाड्यासमोर भेळेच्या गाड्या लागल्यात, बघितलं, संध्याकाळ झालीय, नको. रोल धुऊन आला तेव्हा ३६ मधले ११ बरे निघाले, पण प्रत्येक फोटो मी का काढला होता ते मला पाठ होतं.

तर पहिलं काम हे करा. फोनवरच करा, कॅमेरा असला तरी फोनवर करा. महिन्याला ३६ फोटो. एक वेगळा अल्बम करायचा, त्यात मोजून ३६, डिलीट करायचं नाही आणि महिना संपेपर्यंत उघडून बघायचं पण नाही. खिशात छोटी वही ठेवायची आणि प्रत्येक फोटोपुढं एक ओळ लिहायची, कुठं काढला, किती वाजता, काय दिसलं म्हणून काढला. महिन्याच्या शेवटी वही आणि फोटो शेजारी ठेवून बसायचं. वहीत लिहिलंय "पोवई नाक्यावर पावसात छत्र्यांची गर्दी" आणि फोटोत निम्मा रस्ता रिकामा आहे, चार छत्र्या कोपऱ्यात आहेत, असं झालं की कळतं आपल्याला दिसलं एक आणि आपण काढलं दुसरंच. हे अंतर कमी करत नेणं म्हणजेच शिकणं असं मला वाटतं, आणि ते अंतर दिसायला वही लागतेच. आठवणीवर सोडलं तर आठवण फोटोच्या बाजूनं खोटं बोलते.

फोनच्याच दोन-तीन गोष्टी इथंच सांगते. काच पुसा, ओढणीनं नको, चष्म्याच्या कापडानं. खिशातल्या तेलकट डागानं लायटीभोवती जो धुरकटपणा येतो तो कॅमेऱ्याचा दोष नसतो. ग्रिडच्या रेषा चालू करा म्हणजे क्षितिज वाकडं येणार नाही. माणसाचा चेहरा काढताना मुख्य लेन्सनं अगदी जवळ जाऊ नका, ती वाइड असते, नाक मोठं येतं, दोन पावलं मागं जाऊन दुप्पट झूमवर काढा. आणि जिथं बोट टेकवता तिथं उजेडाची पट्टी येते ती थोडी खाली ओढायला शिका, आपल्याकडच्या कडक उन्हात फोन बहुतेक वेळा फोटो जास्त उजळ करतो आणि पांढरा सदरा, पांढरी टोपी सगळी जळून जाते.

आता जागेचं. माझी जागा म्हणजे संगम माहुली, विश्वेश्वराच्या देवळाखालचा घाट. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात, अलीकडं संगम माहुली, पलीकडं क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. मी ती जागा काही विचार करून निवडली नव्हती. सासूबाई मार्गशीर्षात दर्शनाला जायच्या, त्यांना गाडीवरनं सोडायला मी जायचे आणि त्यांचं होईपर्यंत पायरीवर बसायचे. २००८ च्या मार्गशीर्षात एकदा नदीवर धुकं होतं, माझ्याकडं तेव्हा छोटा डिजिटल कॅमेरा होता, एक फोटो काढला. पुढच्या वर्षी परत त्याच पायरीवर बसले होते, परत काढला, आणि घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवले तर एवढा फरक, पाणी दोन पायऱ्या खाली, पलीकडचं एक झाड नाही, घाटावर कपडे वाळत घातलेले. मग ठरवलं, दरवर्षी एक तरी, त्याच पायरीवरनं. आज सतरा आहेत.

तुम्हाला असं करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून नीट करा, मी पहिली तीन वर्षं ढिसाळपणा केला आणि ते फोटो आता एकमेकांवर बसत नाहीत. एक पक्की खूण धरा, देवळाचा खांब, पायरीचा तुटका कोपरा, काहीही हलणार नाही असं. कॅमेरा किती उंचीवर धरला ते लिहा, मी पायरीवर बसून डोळ्याच्या उंचीला धरते. लेन्स तीच, झूम तेवढाच. मागच्या वर्षीचा फोटो फोनमध्ये उघडून जुळवून घ्या. फाइलला नाव देताना आधी वर्ष मग महिना मग दिवस द्या, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीनं लागतात.

जागा कशी निवडायची तर तिथं काहीतरी बदलणारं पाहिजे आणि काहीतरी न बदलणारं पाहिजे. घाटावर दगड तोच, पाणी बदलतं. मंडई चालेल, एसटी स्टँड चालेल, तुमच्या आळीतलं पाराचं झाड चालेल. सांगलीकर असाल तर १९२९ चा आयर्विन पूल आहेच, कृष्णेचं पाणी किती फुटावर गेलं हे अख्खी सांगली त्या पुलावरनंच बघते, पावसाळाभर दर रविवारी एकाच ठिकाणाहून काढत गेलात तर दोन वर्षांत तुमच्याकडं मोलाचं काहीतरी जमेल. (पूर चढत असताना मात्र पुलावर गर्दी करू नका, तेव्हा तिथं कामाची माणसं असू द्यावीत.) फार लांबची, फार प्रसिद्ध जागा निवडू नका, जाणं होत नाही.

घाटावर एक पथ्य मी पहिल्यापासून पाळते तेही सांगते. तिथं लोक दहाव्याला येतात. त्या वेळी कॅमेरा पिशवीत. लांबनं झूम करून पण नाही. कुणाच्या दुःखातनं आपली आवड वाढवायची नाही.

२०१० ला मी डीएसएलआर घेतला आणि इथनं दुसरा टप्पा सुरू झाला, जो बहुतेक सगळ्यांचा येतो, सामानाचा टप्पा. यात वाईट काही नाही. पण एक सांगते, किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, वर्षभर वापरल्याशिवाय दुसरी घेऊ नका. वर्षानंतर तुमचेच फोटो सांगतील काय कमी पडतंय. मी त्या वर्षातले आवडलेले फोटो काढून बघितले तर निम्म्याहून जास्त झूम ५० ते ५५ मिलिमीटरवर ठेवून काढलेले, आणि घरातले सगळे उजेड कमी पडून हललेले. म्हणून ५० मिलिमीटरची, कमी उजेडात चालणारी १.८ ची लेन्स घेतली, स्वस्तातली. छोट्या सेन्सरवर ती ७५ सारखी वागते, चेहऱ्याला एकदम बरोबर. आजही माझे निम्मे फोटो त्याच लेन्सचे आहेत.

अ‍ॅपर्चरचे आकडे, म्हणजे लेन्समधल्या उजेड येणाऱ्या भोकाचे, बघून लोक घाबरतात, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, हे काय विचित्र. यात भीतीचं काही नाही, प्रत्येक आकड्याला दोनच्या वर्गमुळानं गुणलंय. भोकाचा व्यास वर्गमूळ दोनपट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणजे उजेड दुप्पट. एवढंच. आकडा भागाकाराचा आहे, फोकल लेंग्थ (लेन्सचा तो ५० चा आकडा) भागिले व्यास, म्हणून आकडा मोठा तर भोक लहान. नववीला गणितातली करणी, म्हणजे वर्गमुळं, शिकवताना मी वर्गात लेन्सच घेऊन जाते, मागच्या बाकावरची पोरं पुढं येऊन बघतात.

आणि मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे आपणच लावायचे, तो शिकायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे रोलच्या काळातला जुना नियम. कडक ऊन असेल तर एफ १६, आणि शटर साधारण एक भागिले आयएसओ (एएसएचंच आताचं नाव) एवढं, आयएसओ १०० तर १/१२५, ४०० तर १/५००. पातळ ढग आले तर ११, ढगाळ ८, काळं भरून आलं तर ५.६, सावलीत किंवा सूर्य टेकला की ४. हे पाठ करा आणि एक महिना कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर न बघता अंदाज बांधून मगच मीटर बघा. महिन्यानं काय होतं तर बाहेर पडलं की डोळा आपोआप उजेड मोजायला लागतो, कॅमेरा हातात नसला तरी. ज्या दिवशी कॅमेरा नसताना तुम्ही थांबून म्हणता "अरे आत्ता सहाचा उजेड आहे पण तीनच वाजलेत", त्या दिवशी ही आवड तुमची झाली समजा.

उजेडासाठी कुठं जायची गरज नाही. आमच्या जुन्या घराच्या सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, पूर्वेला दार आणि दक्षिणेला एक छोटी खिडकी होती. मी एका रविवारी पितळेचा तांब्या पाटावर ठेवला आणि सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक असे बारा फोटो काढले, तांब्या हलवला नाही, मी हलले नाही. सातला एका बाजूनं सोनेरी कड, मागं सगळं काळं. दहाला पाटाची रेष न् रेष दिसते. बाराला सपाट, तांब्या चिकटवल्यासारखा. चारला खिडकीतनं समोरच्या भिंतीचा उजेड परतून येतो, मऊ, आणि मला सगळ्यात आवडलेला फोटो त्या चारच्या वेळचा आहे. हे जरूर करा. नंतर त्याच जागी तांब्याऐवजी घरातलं माणूस बसवा. पोर्ट्रेटचं निम्मं शिक्षण त्यात होतं, उरलेलं निम्मं माणसाशी गप्पा मारण्यात आहे.

साताऱ्याच्या उजेडाचं एक वैशिष्ट्य आहे, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर असल्यानं घड्याळातला सूर्यास्त व्हायच्या आधीच गावातलं ऊन जातं, वर आभाळ मात्र उजळ असतं. तो अर्धा तास चेहऱ्यांसाठी सोन्यासारखा. ऊन पाहिजे असेल तर अजिंक्यताऱ्यावर सकाळी जा. तिथं एकाच दगडावर उभं राहून वर्षातनं चार वेळा सूर्योदय काढा, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. उन्हाळ्यात सूर्य डावीकडं सरकतो, हिवाळ्यात उजवीकडं, आणि जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत उगवायची जागा आपल्या अक्षांशावर जवळजवळ ५० अंश सरकते. जरंडेश्वराचा डोंगर खुणेला धरला की हे डोळ्यानं दिसतं. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तो दिवस लिंब गावातल्या, आत महाल असलेल्या बारामोटेच्या विहिरीसाठी राखून ठेवा. एरवी त्या विहिरीत फार अवघड जातं, वर आभाळ पांढरं आणि आत महालात अंधार, दोन्ही एका फोटोत मावत नाही, काहीतरी एक सोडावंच लागतं. मी आभाळ सोडते, म्हणजे फ्रेमच्या बाहेरच ठेवते.

कासच्या फुलांच्या पठाराबद्दल लिहिलं नाही तर साताऱ्याचे लोक रागवतील. साताऱ्यातनं यवतेश्वर घाट चढून साधारण २५ किलोमीटर, २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि तेव्हापासून ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर सुरुवातीपर्यंत गर्दी विचारू नका. बुकिंग करून आठवड्याच्या मधल्या वारी, पहिल्या वेळेत जा. ढगाळ दिवस मिळाला तर नशीब समजा, ढग म्हणजे आभाळभर ताणलेला पांढरा पडदा, फुलाच्या पाकळीवर काळी सावली पडत नाही. वारा सतत असतो म्हणून शटर १/५०० च्या वर ठेवा, अगदी जवळनं काढताना एफ ८ ते ११ ठेवा नाहीतर एक पाकळी शार्प आणि बाकी सगळं धूसर, आणि कॅमेरा फुलाला समांतर धरा. वाटेवरनंच काढा, वाट सोडून आत पाय टाकायचा नाही, गालिच्यात बसून फोटो तर अजिबातच नाही.

पण कासनं मला खरं शिकवलं ते वेगळंच. पहिली दोन वर्षं मी तेरड्याचे जांभळे गालिचे काढले, सगळे काढतात तसेच, आणि माझा फोटो कुठला आणि शेजारच्याचा कुठला हे मलाच सांगता येईना. तिसऱ्या वर्षी फुलांची माहिती असलेल्या एका काकांबरोबर गेले. त्यांनी जांभ्या खडकावरचा मातीचा थर दाखवला, बोटाच्या पेरांनी मोजावा एवढा पातळ. मातीत नायट्रोजन कमी, म्हणून इथल्या काही वनस्पती कीटक पकडतात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावर चिकट थेंब असतात त्यात किडा अडकतो, आणि सीतेची आसवं, ती नाजूक निळी-जांभळी फुलं, त्यांच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. हे कळल्यावर मी त्या दिवशी एकच झाड दोन तास काढत बसले. म्हणून सांगते, फोटोग्राफीची आवड अडली की फोटोग्राफीचं पुस्तक नका उघडू, ज्याचा फोटो काढताय त्याची माहिती काढा. पक्षी काढत असाल तर घरटं कधी बांधतो ते शोधा, देऊळ काढत असाल तर दगड कुठला ते विचारा. कारवीचं झुडूप तर सात वर्षांनी फुलतं, एकदा फुलोरा चुकला की पुढची सात वर्षं थांबा. मी एकदा चुकवला, आईचं ऑपरेशन होतं. पुढच्या फुलोऱ्याला लेक माझ्याबरोबर होती.

आता अडण्याचं. २०१३ ला माझी हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांचे फोटो एकाच डिस्कवर होते, कॉम्प्युटरवरनं जागा करायला म्हणून काढून टाकलेले. दुरुस्तीला नेली, काही हाताला लागलं नाही. त्याच पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅगेत राहिलेल्या लेन्सला बुरशी लागली, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी. लेक लहान होती, शाळेचं काम वाढलं होतं, आणि माझं मन उडालं ते उडालंच. कॅमेरा कपाटात गेला. त्या वर्षांत मी फक्त मार्गशीर्षात घाटावरचा एक फोटो फोननं काढत होते, तोही सासूबाई आठवण करायच्या म्हणून, "तुझा तो फोटू राहिला की." त्या एका फोटोमुळं माझा धागा तुटला नाही. म्हणून म्हणते जागा धरून ठेवा, आवड पडून गेली तरी जागा तुम्हाला सोडत नाही.

माझं झालं ते तुमचं होऊ नये म्हणून हे दोन्ही आजच करून टाका. फोटोंच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी तिसरी डिस्क कराडला भावाकडं असते, भाऊबीजेला जाते तेव्हा नवी ठेवते आणि जुनी घेऊन येते. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्याची बॅग ही ठेवायची जागा नाही, तिच्यात ओल धरते. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. रंग बदलणारं सिलिका जेल घ्या म्हणजे भरलं की दिसतं, गरम करून परत वापरता येतं. धुक्यातनं किंवा पावसातनं आल्यावर कॅमेरा लगेच डब्यात बंद करू नका, आधी पुसून घरातल्या हवेत तासभर राहू द्या.

परत कशी सुरू झाले तर औंधमुळं. शाळेची सहल होती, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय, तिथं रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं आहेत. पोरं पुढं गेली आणि मी मागंच राहिले, प्रत्येक चित्रात एकच बघत होते, उजेड कुठनं येतोय? सावली किती गडद ठेवलीय? नथीवर चमक कुठं? हे तर माझ्या सोप्यातला चारचा उजेड आहे! त्या रात्री कपाट उघडलं. तुम्ही पण जा, हात मोकळे ठेवून जा, एका चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहा. फोटोवाल्यानं फक्त फोटोच बघत बसलं की सगळ्यांचं एकसारखं होत जातं.

आणि परत आल्यावर मी माणसांकडं वळले, आधी मला माणसांची भीती वाटायची. लोणंद-तरडगावच्या वाटेवर माउलींची पालखी येते तेव्हा चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं, दोन्ही बाजूला वारकरी आणि मधनं अश्व धावतो. अश्वासाठी शटर १/१००० लागतं, ठीक, पण तो एक क्षण सोडला तर अख्खा दिवस माणसांचा असतो. पहिल्या वर्षी मी लांबनं झूम लावून काढले, सगळे फोटो चोरून काढल्यासारखे आले. दुसऱ्या वर्षी लेन्स बदलली, ५० लावली, म्हणजे माणसाजवळ गेल्याशिवाय फोटोच निघत नाही. "माउली, एक फोटो काढू का?" एवढंच विचारायचं. कुणी नाही म्हणालं तर हात जोडून पुढं जायचं. हो म्हणालं तर आधी बोलायचं, कुठनं आलात, कितवी वारी, पायाला काय झालं, आणि माणूस कॅमेरा विसरला की मग काढायचा. पत्ता किंवा नंबर घ्यायचा आणि फोटो पाठवायचाच. ज्याचा फोटो काढला त्याला तो मिळाला पाहिजे, याबाबतीत मी फार हट्टी आहे.

एडिटिंगवर फार लिहीत नाही. सरळ करा, कडेचा कचरा क्रॉप करा, उजेड सावरा, थांबा. आभाळ बदलू नका.

त्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा, वर्षभरातले फक्त बारा फोटो निवडा आणि ४ बाय ६ मध्ये धुऊन, म्हणजे आता प्रिंट करून, अल्बममध्ये लावा. खाली तारीख आणि हाच का निवडला ते दोन ओळीत. बारा निवडायला मला चार दिवस लागतात, घरातल्यांना विचारते, लेक एक म्हणते, मिस्टर दुसरा म्हणतात, वाद होतात, छान असतं ते. पाच-सहा वर्षांचे अल्बम ओळीनं ठेवले की तुमच्या आवडीला वळण कुठं लागलं ते स्वच्छ दिसतं. माझ्या पहिल्या अल्बममध्ये बारापैकी नऊ सूर्यास्त आहेत. मागच्या वर्षीच्यात एकही नाही, आठ फोटोत माणसं आहेत आणि तीनमध्ये म्हशी.

म्हशींचं असं झालं की २०१७ ला घाटाच्या खालच्या अंगाला एक आजोबा म्हैस धुवायला आणायचे, त्यांना सगळे आबा म्हणायचे. पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं, खांद्याच्या मागपर्यंत गेलेली. सकाळचं तिरकं ऊन, म्हशीच्या पाठीवरनं पाणी ओघळतंय, आबांचा हात तिच्या मानेवर. मी फोटो काढला, मला फार आवडला, ८ बाय १२ ची प्रिंट काढून पुढच्या रविवारी नेऊन दिली. आबांनी ओले हात धोतराला पुसले, प्रिंट लांब धरून बघितली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "मॅडम, शिंग कापलं की वो तुम्ही." बघते तर खरंच, उजव्या शिंगाचं टोक फ्रेमच्या बाहेर. "तिची शिंगंच तर बघण्याजोगी हायती. बाजारात मानसं शिंगं बघून थांबत्यात."

मी आबांचा हात बघत होते, पाणी बघत होते, आणि त्या जनावराचं ज्याला मोल होतं तेच कापून आले होते. कडा बघायला मी तिथनं शिकले. आता बटण दाबायच्या आधी चारही कडांवरनं एकदा नजर फिरवते, वर, उजवीकडं, खाली, डावीकडं, अर्धा सेकंद लागतो, तुम्ही पण सवय लावून घ्या. मग तीन रविवार परत गेले. चार पावलं मागं सरकले, लेन्स ३५ वर आणली, म्हैस मान वळवेपर्यंत थांबले. तिसऱ्या रविवारी दोन्ही शिंगं पुरी आली, टोकापासून टोकापर्यंत, आबांसकट. ती प्रिंट आबांनी फ्रेम करून घेतली.

मागच्या मार्गशीर्षात माझा घाटाचा फोटो काढून झाला आणि खाली उतरले तर आबांचा मुलगा म्हैस धुवत होता, गुडघ्यामुळं आबा आता येत नाहीत. त्याच्याबरोबर एक रेडकू होतं, पाण्याला बिचकत होतं. "आबांनी सांगितलंय," तो म्हणाला, "मॅडम आल्या तर ह्या रेडकाचा काढून घ्यायचा म्हणून. शिंगं अजून यायची हायती, पर काढा." काढला. तारीख, वेळ आणि लेन्स वहीत लिहिलीय, कॅमेरा किती उंचीवर होता तेही.